झेपेल तो लॅपटॉप

बारावीचे निकाल लागले आणि कॉलेजचे प्रवेश सुरू झाले, की बोईसर आणि पालघरच्या बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक वाक्य थोड्याफार फरकाने रोज ऐकू येतं: "पगार झाला की हप्त्यावर घेऊ, पण हलका दाखवा, सॅकमध्ये मावणारा, आणि बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे." बोलणारा बहुधा तारापूर एमआयडीसीत पाळी करून आलेला बाप असतो, शेजारी कॉलेजला निघालेली मुलगी. वाक्य शुद्ध मराठी आहे, त्यात अडखळण्यासारखं काही नाही. तरी त्यातला 'पगार' पोर्तुगीज आहे, 'हप्ता' फारसी, 'हलका' प्राकृतातून आलेला, 'सॅक' मुळात सेमिटिक आणि 'बॅटरी' फ्रेंच. लॅपटॉप निवडताना आपण जे शब्द वापरतो, त्यांच्या पोटात निवडीचे निकषही दडलेले आहेत. ते एकेक करून बाहेर काढू.

आधी त्या वस्तूचंच नाव. 'डेस्कटॉप' म्हणजे टेबलावरचा; त्याच साच्यात १९८०च्या दशकात इंग्रजीने 'लॅपटॉप' घडवला. या 'लॅप'चं भाषांतर आपण लगेच 'मांडी' असं करतो. पण जुन्या इंग्रजीत हा शब्द शरीराच्या अवयवाचा नव्हता, कपड्याचा होता. झग्याचा लोंबता घोळ म्हणजे 'लॅप'. बसल्यावर तो घोळ मांड्यांवर पसरतो, त्यात काही धरता येतं, ठेवता येतं. म्हणून पुढे त्या जागेलाच ते नाव पडलं. मराठीत याला तंतोतंत जुळणारा शब्द मांडी नव्हे, 'ओटी' आहे. धोतराचा किंवा लुगड्याचा पुढचा भाग उचलून धरला की जी झोळी होते, ती ओटी. शेतावरून शेंगा ओटीत आणायच्या, सवाष्णीची ओटी भरायची, ती हीच. आणि कोकणातल्या घराची ओटी वेगळी. केळवे-माहीमपासून डहाणूपर्यंतच्या जुन्या घरांत पडवीतून आत आलं की लागणारी बसाउठायची जागा. आज मुलं लॅपटॉप घेऊन त्या ओटीवरच बसतात. मांडीवर मात्र तो फार वेळ राहत नाही. तळ तापतो, हवा जायच्या फटी कपड्याने झाकल्या जातात आणि पंखा घरघरू लागतो. त्याच्याखाली पाट किंवा टेबल हवंच. नावात मांडी असली तरी निवडताना ती विसरावी हे बरं.

आता 'हलका'. संस्कृतातला 'लघु', त्याला 'क' लागून 'लघुक'. प्राकृतात 'घ'चा 'ह' होऊन 'लहुअ', आणि मग अक्षरांची अदलाबदल होऊन 'हलु'. आपला 'हळू' आणि आपला 'हलका' याच अदलाबदलीची लेकरं. दुकानदार त्याच यंत्राला 'लाइटवेट' म्हणतो आणि त्याला वाटतं आपण इंग्रजी बोललो. पण वजनाचा 'लाइट' आणि 'लघु' एकाच इंडो-युरोपीय धातूपासून निघाले आहेत. इंग्रजीत फुप्फुसाला 'लंग' म्हणतात, तेही त्याच कुळातलं: शरीरातला हलका अवयव.

गंमत पुढे आहे. मराठीत 'हलका' हा सहसा कौतुकाचा शब्द नसतो. हलका माल, हलकं काम, हलक्या कानाचा, हलक्या प्रतीचा. उलट 'वजनदार' माणूस मोठा, आणि तरुणांच्या तोंडी 'भारी' म्हणजे उत्तम. धान्य, कापड, पितळेची भांडी, सोनं या सगळ्यांत जास्त वजन म्हणजे जास्त मोल, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव भाषेत मुरला आहे. लॅपटॉपच्या दुकानात तो उलटा होतो. इथे प्रत्येक शंभर ग्रॅम कमी करायला पैसे जास्त पडतात, कारण प्लॅस्टिकच्या जागी मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू येतो, आतली जागा आवळावी लागते. म्हणून "हा हलका आहे" असं ऐकल्यावर बापाच्या चेहऱ्यावर शंका उमटते आणि मुलीच्या चेहऱ्यावर आनंद. ती म्हणते, "बाबा, भारी आहे हा!" आणि दोघंही बरोबर असतात. काही स्वस्त लॅपटॉप दोन्ही अर्थांनी हलके असतात. बिजागऱ्या वर्षभरात सैल होतात. झाकण एका हाताने उघडून पाहिलं की कुठला हलकेपणा आहे ते कळतं.

'पोर्टेबल'च्या मुळाशी लॅटिन 'पोर्तारे', म्हणजे वाहून नेणे. पण काय वाहून नेता येतं, याची व्याख्या काळाबरोबर बदलली. १९८१ साली अमेरिकेत 'ऑस्बोर्न १' नावाचा संगणक निघाला, तो 'पोर्टेबल' म्हणूनच विकला गेला आणि त्याचं वजन सुमारे ११ किलो होतं. त्याला मूठ होती, एवढाच काय तो पोर्टेबलपणा. पुढच्याच वर्षी आलेला 'ग्रिड कंपास' घडी घालता येणारा होता. झाकणात पडदा आणि खाली कळा, ही आजची ठेवण तेव्हापासूनची. लॅपटॉपच्या कडेला असतो तो 'पोर्ट' लॅटिन 'पोर्ता'वरून, म्हणजे दरवाजा. आणि सातपाटी-डहाणूला आपण ज्याला फारसी शब्दाने 'बंदर' म्हणतो, त्याचं इंग्रजी 'पोर्ट' लॅटिन 'पोर्तुस'वरून. वाहणे, दरवाजा आणि बंदर, तिघांचं मूळ एकच: पार जाणे. आपला 'पार', म्हणजे पलीकडचा काठ, त्याच गोतावळ्यातला. निवडताना या दरवाजांकडे जरूर पाहावं. पातळ करण्याच्या नादात कंपन्या दरवाजे कमी करतात. मग पेन ड्राइव्हला एक जोडणी, प्रोजेक्टरला दुसरी, अशी वेगळी पिशवी बाळगावी लागते. निदान एक जुना चौकोनी यूएसबी, एक सी-प्रकारचा आणि एक एचडीएमआय असला की कॉलेजचं काम अडत नाही. सी-प्रकारच्या पोर्टातून चार्जिंग होत असेल तर उत्तमच, कारण घरातला एकच चार्जर पुष्कळदा फोनलाही चालतो.

सॅकमध्ये मावला पाहिजे, हे मुलीचं म्हणणं. 'सॅक'चा प्रवास सेमिटिक भाषांतून ग्रीक 'साक्कोस', तिथून लॅटिन, तिथून इंग्रजी असा; मूळ अर्थ जाडंभरडं कापड आणि त्याचं पोतं. त्या आधी आपल्याकडे पाठीवर काय होतं? दप्तर. हा शब्द सॅकपेक्षाही लांबून आला आहे. ग्रीक 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. त्यावर लिहीत, म्हणून लिहिलेल्या चोपडीलाही तेच नाव. पश्चिम आशियातल्या भाषांतून ते अरबी-फारसीत 'दफ्तर' झालं आणि मराठीत 'दप्तर'. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद कापडात बांधून ठेवले आहेत, त्या गठ्ठ्यांना 'रुमाल' म्हणतात. १९३०च्या दशकाच्या आरंभी इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले. म्हणजे मराठीत दप्तर आधी कागदांचं, मग कचेरीचं आणि शेवटी शाळकरी मुलांच्या पाठीवरचं. त्याच ग्रीक कातड्यावरून एकोणिसाव्या शतकात फ्रेंच डॉक्टर ब्रेतोनो यांनी एका रोगाला नाव दिलं, कारण त्यात घशात चामड्यासारखा पापुद्रा धरतो: डिफ्थेरिया, आपला घटसर्प. दप्तर आणि घटसर्प सख्खे नातेवाईक आहेत, हे शाळेत कुणी सांगत नाही!

२०१५ साली महाराष्ट्र शासनाने ठरवलं की दप्तराचं वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त असू नये. नियम शाळेपुरता आहे, पण लॅपटॉप घेताना तोच धरावा. ४५ किलोच्या मुलीच्या वाट्याला साडेचार किलो येतात. त्यात पाण्याची बाटली एक किलो, डबा अर्धा-पाऊण किलो, दोन पुस्तकं आणि वह्या दीड किलो. उरतो सव्वा-दीड किलो, आणि त्यातच चार्जर धरायचा. तो एकटाच पाव किलोच्या पुढे-मागे असतो. १५.६ इंची साधा लॅपटॉप १.७ ते २ किलो भरतो. १४ इंची १.४ किलोच्या आसपास मिळतो आणि चार्जर धरला की हिशेबाबाहेर थोडाच जातो. २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावते. बोईसर-पालघरहून चढून विरार, बोरिवली, अंधेरीकडे जाणाऱ्याला तासन्‌तास ही सॅक पोटाशी धरून उभं राहायचं असतं. दीड आणि दोन किलोंमधला फरक दुकानाच्या काउंटरवर कळत नाही, सफाळ्याच्या पुढे कळू लागतो.

'कॉम्पॅक्ट' म्हणजे लॅटिनमध्ये घट्ट जोडून बसवलेलं. मराठीत याला दोन सुंदर शब्द आहेत आणि दोघांचा रोख वेगळा. 'सुटसुटीत' हा 'सुटा'वरून: ज्यात अडगळ नाही, गुंता नाही. 'आटोपशीर' हा 'आटोपणे'वरून: जे आवाक्यात राहतं, आवरता येतं. संस्कृतात मात्र 'आटोप' म्हणजे फुगवटा, डामडौल. एकाच रूपाचे हे दोन शब्द नेमके उलट्या दिशांना तोंड करून उभे आहेत, आणि लॅपटॉपच्या जाहिराती बहुतेक संस्कृत आटोपाच्या बाजूच्या असतात. पण आटोपशीरपणाही किती आवळायचा याला हद्द आहे. २००७ साली 'असूस'चा 'ई पीसी' आला: ७ इंची पडदा, वजन एक किलोच्या आत, किंमत कमी. 'नेटबुक' नावाची लाट त्यामागोमाग उठली आणि काही वर्षांत ओसरली. यंत्र लहान होतं, पण कळा इतक्या चिकटलेल्या आणि वेग इतका बेताचा की लोकांनी ते बाजूला ठेवलं. म्हणून आज १३ ते १४ इंच हे मधलं माप धरावं. रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको, १६ असेल तर चार वर्षं चिंता नाही. साठवणीला एसएसडीच हवी, फिरती हार्ड डिस्क नको. 'गिगा' हा ग्रीकांचा राक्षस आहे आणि 'टेरा' त्याहून अक्राळविक्राळ. पण ऑफिसचे कागद, प्रोजेक्ट, ऑनलाइन तास आणि एखादा सिनेमा यांना फार राक्षस पाळावे लागत नाहीत.

आता तारापूरच्या खास शब्दाकडे येऊ: 'बॅटरी'. फ्रेंच 'बात्र' म्हणजे मारणे, ठोकणे. त्यावरून तोफांची रांग म्हणजे बॅटरी. अठराव्या शतकाच्या मध्यावर बेंजामिन फ्रँकलिन यांनी वीज साठवणाऱ्या बरण्या ओळीने जोडल्या आणि त्या रांगेला तोफखान्याचंच नाव दिलं. त्याच्या दहाएक वर्षं आधी, १७३९ साली, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. आपल्या लोकांनी तेव्हा तोफांसाठी जे मांडले ते 'मोर्चे'. हा शब्दही फारसी, अर्थ खंदक खणून धरलेली जागा. आज मोर्चा कलेक्टर कचेरीवर जातो. आणि त्याच तारापूरला १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. मराठीत बॅटरी म्हणजे आधी हातातला विजेरी दिवा. "बॅटरी मार जरा" म्हटलं की उजेडच पडायला हवा. लॅपटॉपची बॅटरी वॅट-तासांत मोजतात. आकडा ५० च्या पुढे असेल तर दिवसभराच्या आशेला आधार असतो. जाहिरातीतले तास मंद उजेडात मोजलेले असतात, वॅट-तास कुणाला फुगवता येत नाहीत.

'चार्ज' आणि 'कॅरी' हे जुळे आहेत. लॅटिन 'कार्रुस' म्हणजे गाडी. गाडीत माल लादणे म्हणजे चार्ज, गाडीने नेणे म्हणजे कॅरी. मराठी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत 'प्रभार' असतो, आणि कचेरीत 'इन-चार्ज' तो 'प्रभारी'. दोन्हीकडे 'भार' आहे, म्हणजे 'भृ' धातू, उचलून धरणे. इंग्रजी 'बेअर' त्याचाच भाऊ. विजेचा भार जास्त झाला की 'भारनियमन' होतं. हा शब्द इंग्रजी 'लोड शेडिंग'पेक्षा सभ्य आहे, अंधार मात्र तेवढाच. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरच्या विद्यार्थ्याला तर बॅटरीचा आकडा सगळ्यात आधी वाचायला हवा.

पोर्तुगीज या किनाऱ्यावर सुमारे दोनशे वर्षं होते. जाताना किल्ले सोडून गेले आणि शब्दही. 'चावी' त्यांच्या 'शावे'वरून आली, ती लॅटिन 'क्लाविस'वरून. फ्रेंच लोक संगणकाच्या कीबोर्डाला आजही त्याच मुळाचं 'क्लाविए' म्हणतात. आपण मात्र 'की'साठी चावी घेतली नाही, 'कळ' घेतली आणि 'कळफलक' घडवला. योग्यच केलं; कळ दाबली की यंत्र चालतं हे मराठीला कारखान्यांच्या काळापासून माहीत होतं. लॅपटॉपच्या कळांवर देवनागरी अक्षरं सहसा छापलेली नसतात, पण इनस्क्रिप्ट मांडणी आत असते: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. दुकानातच ती चालू करून आपलं नाव लिहून पाहावं. कळा किती खोल दबतात आणि किती अंतरावर आहेत, हेही त्या दोन मिनिटांत समजतं.

'पगार' हाही पोर्तुगीज 'पागार'चा, म्हणजे देणं फेडणे. त्याचं मूळ लॅटिन 'पाकारे', शांत करणे, आणि त्याच्या मागे 'पाक्स', शांती. देणेकऱ्याने धनकोला शांत करायचं, म्हणून पैसे देणं. एमआयडीसीतल्या घरांत महिन्याच्या सुरुवातीला ही व्युत्पत्ती दरवेळी सिद्ध होते. 'हप्ता' फारसी 'हफ्त'वरून, म्हणजे सात; आपला 'सप्ताह' त्याचा चुलतभाऊ. सात दिवसांचा आठवडा, मग आठवड्याने भरायची रक्कम, मग महिन्याने भरायची, आणि गुंडाला द्यायची तीही. आता हप्ता बारा, अठरा, चोवीस महिन्यांचा असतो, सातशी त्याचा संबंध उरलेला नाही.

आणि 'व्याज'. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. अलंकारशास्त्रातली व्याजोक्ती म्हणजे खरं लपवून दुसरंच निमित्त सांगणं. व्याजस्तुती म्हणजे स्तुतीच्या आडून निंदा. या शब्दाला मराठीत रकमेवरच्या वाढीचा अर्थ मिळाला, आणि 'बिनव्याजी हप्ते' अशी पाटी दुकानात दिसली की जुना अर्थ हळूच मान वर काढतो. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांवर बोट ठेवलं. व्याज नाहीसं होत नाही, ते प्रक्रिया शुल्कात किंवा इतर कुठे दडवलं जातं, असं तिचं म्हणणं होतं. आज योजनांचं नाव 'नो कॉस्ट' असतं. बहुधा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलत हप्त्यावाल्याला मिळत नाही, शिवाय शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. विचारायचं ते एवढंच: आज रोख दिले तर किती, आणि सगळे हप्ते आणि शुल्क मिळून किती? दोन आकड्यांमधला फरक म्हणजे व्याज, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

बिल होताना शेवटचा प्रश्न येतो: "वॉरंटी आहे की गॅरंटी?" दुकानदार समजावतो, वॉरंटी म्हणजे दुरुस्ती, गॅरंटी म्हणजे बदलून देणं. बाजाराने हा फरक पक्का केला आहे, पण शब्दांना तो ठाऊक नाही. दोन्ही एकाच जर्मानिक मुळाचे. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन बोलीत 'व' राहिला, मध्य फ्रान्सच्या बोलीत त्याचा 'ग' झाला, आणि इंग्रजीने दोन्ही वेगवेगळ्या वेळी उसने घेतले. दोघांचाही अर्थ हमी. हमी कसली ते कागदावर काय लिहिलंय यावर ठरतं: बॅटरीला किती, चार्जरला किती, पडद्याला आहे का, आणि दुरुस्ती बोईसर-पालघरला होते की यंत्र घेऊन वसई-मुंबई गाठायची. वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्याने तर हा कागद दोनदा वाचावा. 'रिफर्बिश्ड'मधलं 'फर्बिश' म्हणजे धातू घासून चमकवणे; घासूनपुसून ठेवलेला, असं मराठी रोखठोक सांगतं. कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले जुने १४ इंची लॅपटॉप मजबूत असतात आणि निम्म्याहून कमी पैशांत मिळतात. फक्त बॅटरी बदलायचा खर्च आधीच धरून ठेवावा.

राहिला 'अफोर्डेबल'. इंग्रजी 'अफोर्ड' जुन्या इंग्रजीत 'पुढे नेणे, तडीस नेणे' अशा अर्थाचा होता. पैशाचा अर्थ नंतरचा. आपल्याकडे 'परवडणे' आहे, आणि त्याच्या शेजारी 'परवड' राहते, म्हणजे न परवडणारी वस्तू घेतली की जी होते ती. पण मराठीत याहून नेमकं क्रियापद आहे: 'झेपणे'. ओझं झेपतं, काम झेपतं, खर्च झेपतो. इंग्रजी जाहिरातीला पोर्टेबल, पॉवरफुल आणि अफोर्डेबल अशी तीन विशेषणं लागतात. आपल्या एका क्रियापदात तिन्ही प्रश्न आहेत, आणि त्यांत वस्तूचं कौतुक नाही, घेणाऱ्याची ताकद मोजलेली आहे. विशेषण दुकानदार लावतो. झेपतं की नाही हे ज्याला उचलायचंय त्यालाच सांगावं लागतं.

तेव्हा दुकानात गेल्यावर तीनदा विचारावं. पाठीला झेपेल का: चार्जरसकट वजन सांगा. कामाला झेपेल का: चार वर्षांनी याची रॅम वाढवता येईल का, बॅटरी बदलता येईल का. आणि पगाराला झेपेल का: हप्त्यांची बेरीज रोख किमतीशेजारी लिहून द्या. तिन्हींना 'हो' मिळालं तर रंग कुठलाही घ्यावा, तो मुलीने ठरवावा.